चुंबक, दारू आणि अंगात येणारा बाप

मी फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि त्यानंतर दारूत बुडालो. प्यायचो फौजेतही, पण तिथे रम मापानं मिळायची आणि सकाळी परेडला सरळ उभं राहावं लागायचं. गव्हाणला घरी परतल्यावर परेड संपली आणि माप मीच ठरवू लागलो. मग काय, हम करे सो कायदा.

हे लिहितोय ते माझ्यासारख्या माजी सैनिकांसाठी आणि त्याहून जास्त त्यांच्या घरच्यांसाठी. माझ्या उपचारात डोक्यावर चुंबक धरत असत. हे ऐकलं की लोक दोन गोष्टी विचारतात. शॉक देतात का आणि माणूस वेडा होतो का? दोन्हींचं उत्तर नाही असंच आहे. पण माझ्या घरात काय चाललं होतं ते सांगितल्याशिवाय उपचाराचं सांगता येणार नाही, आणि ते आठवलं की अजून माझ्या अंगावर काटा येतो. कुणाला हसायचं असेल तर हसावं. मीसुद्धा पुढे एकदोनदा हसलोच.

मला न आठवणारा माणूस

तिसऱ्या ग्लासानंतरचं मला काही आठवत नसे. बऱ्याच पिणाऱ्यांचं असंच होतं, त्यात नवल नाही. नवल सकाळी असायचं. मी रात्री ओटीवर झोपलेला असायचो आणि सकाळी माझी खाट पुढच्या दारात, खाडीकडे तोंड करून असायची. खाटेखाली विड्यांची थोटकं पडलेली असायची. मी जन्मात विडी ओढली नाही. तरी तोंडाला तंबाखूची कडवट चव असायची आणि अंगठ्याच्या पेरावर पिवळा डाग.

दारात खाट टाकून खाडीकडे बघत विडी ओढणारा माणूस आमच्या घरात एकच होता, माझा बाप. तो मिठागरात काम करायचा. मी पलटणीत नवा होतो तेव्हा तो गेला. दुपारी आईशी कशावरून तरी किरकोळ बोलाचाली झाली, वाढलेलं ताट सोडून तो निघाला आणि मिठागराच्या बांधावर छातीत कळ येऊन पडला. तार मला उशिरा मिळाली. मी पोचलो तेव्हा तेराव्याचं जेवणही उरकलं होतं. त्यामुळे बापाला मेलेला असा मी कधी पाहिलाच नाही.

एका सकाळी माझी बायको वैजयंता चहाचा कप माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "काल परत तुमचे बाबा आले होते."

वीज गेली होती किंवा नळाला पाणी आलं नाही, हे ती ज्या आवाजात सांगते त्याच आवाजात तिनं हे सांगितलं. मी तिला वेड्यात काढलं. तिनं वाद घातला नाही, कप उचलला आणि आत गेली. आई मात्र चुलीपाशी बसून गुणगुणत होती. केस विंचरलेले, लुगडं धुतलेलं. त्या दिवशी तिनं सुक्या वाकट्यांचं, त्या पट्टीसारख्या लांब मासळीचं, कालवण केलं होतं. ते बापाच्या आवडीचं. मला फारसं आवडत नाही.

पुढे कळलं ते असं. एरवी आई मला जना म्हणते आणि मी तिला आये. तिसरा ग्लास संपला की मी तिला तिच्या नावानं हाक मारायचो. मग ती पाट घेऊन माझ्यासमोर येऊन बसायची आणि चौथा ग्लास स्वतःच्या हातानं भरायची. वैजयंतानं बाटली तांदळाच्या डब्यात लपवावी आणि आईनं शोधून मला आणून द्यावी, असं आमच्या घरात चाललं होतं. दोघी दिवसा एकमेकींशी धड बोलत नसत. मुलगा पुण्याला नोकरीला होता. तो फोन करायचा आणि फक्त त्याच्या आईशी बोलून ठेवून द्यायचा. मी आपला दोघींना घरात शांतता हवी म्हणून ओरडायचो.

निदानाचा दिवस

बँकेत पेन्शन काढायला गेलो आणि हात एवढा कापला की सही जुळेना. काउंटरवरची मुलगी फोटोकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत होती. शेवटी ती म्हणाली, "काका, अंगठा लावता का?"

बाप अंगठाबहाद्दर होता. त्यानं आयुष्यभर अंगठा लावला आणि मला शाळेत घातलं ते सही करता यावी एवढ्यासाठीच. मी शाईत अंगठा बुडवला तेव्हा तो कापायचा थांबला. मला त्या गोष्टीची भीती वाटली. बाहेर येऊन मी पहिल्यांदा वैजयंताला म्हणालो की चल, कुठे न्यायचं तिथे ने.

तिनं आधीच शोधून ठेवलं होतं. पनवेलला तळ्याच्या बाजूला, औषधांच्या दुकानाच्या वर मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर रुबीना बसत. पनवेलच्याच, कोकणी मुसलमान घरातल्या. आवाज मऊ, पण प्रश्न आमच्या सुभेदारासारखे सरळ. किती पिता, कधीपासून, सकाळी लागते का? मी निम्मं खोटं सांगितलं. वैजयंतानं माझं बोलणं संपू दिलं आणि मग पर्समधून मोबाइल काढून टेबलावर ठेवला.

"मी हे रेकॉर्ड केलंय," ती म्हणाली. "तुम्हीच ऐका."

आधी भांड्यांचा आवाज आला. मग खोकला. ओला, लांबलेला, शेवटी घशात खर्र करणारा खोकला. तो खोकला मी लहानपणी दर पहाटे ऐकला होता.

"जेवलास काय?" फोनमध्ये आईनं विचारलं.

"भूक नाय." बापाचा आवाज आला. अगदी त्याचाच.

"थोडा तरी खा."

"मीठ वढायचाय. पानी चढंल."

पुढे ताट सरकवल्याचा आवाज, आणि पुन्हा खोकला. वैजयंतानं फोन बंद केला. खिडकीबाहेर रिक्षावाले भाड्यावरून भांडत होते.

"हे कोण बोलतंय?" डॉक्टरबाईंनी मला विचारलं.

"माझा बाप."

"ते कुठे आहेत?"

"मी पलटणीत नवा होतो तेव्हाच गेला."

त्यांनी फोन वैजयंताकडे सरकवला. मग म्हणाल्या, "हवालदारसाहेब, आवाज तुमचा आहे. तुम्ही शुद्धीत नसता, पण जीभ आणि हातपाय चालू असतात. लहानपणी पाहिलेलं, ऐकलेलं तेव्हा वर येतं. यात भूत नाही. तुम्हाला दारूचा आजार झालाय आणि त्यावर इलाज आहे."

"आणि सासूबाईंना काय झालंय?" वैजयंतानं विचारलं.

"त्यांच्यासाठी माझ्याकडे गोळी नाही," त्या म्हणाल्या.

घरी येताना आम्ही दोघं एसटीत शेजारी बसलो होतो. आजार असला तर बरा होईल, हे मला पटत होतं. माझी खरी भीती वेगळी होती. मी बरा झालो तर आमच्या घरातून कोणी तरी जाणार होतं, आणि ते आईला सांगायचं कोणी?

वॉर्ड

आधी दारू अंगातून उतरवावी लागते, आणि ते घरी करायचं नसतं. हे मी ठासून सांगतो, कारण आमचा एक फौजी जोडीदार मर्दानगी दाखवायला घरीच एकदम बंद करून बसला आणि फिट येऊन पडला. मी डॉक्टरबाईंच्या ओळखीच्या एका लहानशा रुग्णालयात भरती झालो.

वॉर्डात सगळं वेळेवर चालायचं. चहा, गोळ्या, रक्तदाब, फरशी पुसणं. मला ते आवडलं, फौजेत परत गेल्यासारखं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ऐन उन्हाच्या वेळी फरशीवर मीठ दिसायला लागलं. पांढरं, ओलं, खाटांच्या पायांशी ढीग लावलेलं. पलीकडून लाकडी फावड्यानं मीठ ओढल्याचा आवाज येत होता. ओढायचा, थांबायचा, पुन्हा ओढायचा. मी नर्सला म्हणालो, बाई, चप्पल घालून फिरू नका, मीठ खराब होईल. ती बिचारी खरंच ढीग टाळून चालावं तशी वळसा घेऊन आली आणि सुई टोचून गेली. तिचे उपकार मी विसरणार नाही. तिनं त्या क्षणी "इथे काही नाही" म्हटलं असतं तर मी तिच्या अंगावर धावून गेलो असतो.

मीठ विरघळायला दोन-तीन दिवस लागले. फावड्याचा आवाज त्यानंतरही काही दिवस ऐकू येत राहिला. मग एक दिवस लक्षात आलं की तो पंख्याचा आहे.

चुंबक

डॉक्टरबाईंनी मशीनबद्दल आधीच साफ सांगितलं होतं. "हे उदासीच्या आजारावर वापरतात. दारूच्या ओढीवर किती चालतं याचे अजून प्रयोग सुरू आहेत. काहींना फरक पडतो, काहींना नाही. मी वचन देत नाही." मला हे बोलणं आवडलं. फौजेत रजेचं वचन देणारा साहेब कधी रजा देत नाही, हा माझा अनुभव.

डोक्यात कुठे धातू आहे का, छर्रा, तुकडा, काही? त्यांनी खोदून खोदून विचारलं. पोटरीत एक आहे म्हणालो. पोटरीतला चालेल म्हणाल्या.

रुग्णालयातून घरी आल्यावर पनवेलच्या दवाखान्यात चुंबकाचा उपचार सुरू झाला, आणि पहिल्या दिवशी आई सोबत आली. तिला यायचं नव्हतं. "डोक्याला लोहचुंबक लावून माझ्या घरातला मानूस काढनार काय ही बाई?" असं ती वाटेत दोनदा म्हणाली होती. वैजयंतानंच तिला ओढून आणलं. सासूनं डोळ्यांनी बघावं म्हणजे मागाहून बोल नको, एवढा तिचा हिशेब.

मला दातांच्या डॉक्टरकडे असते तशा खुर्चीत बसवलं. कानात बोळे, डोक्याला कापडी टोपी. डॉक्टरबाईंनी इंग्रजी आठाच्या आकाराचं जाड वेटोळं माझ्या डोक्याला टेकवलं. आधी योग्य जागा शोधायची असते. मेंदूतली अंगठा हलवणारी जागा सापडली की तिथून पुढे मोजून उपचाराची जागा ठरते. टक्. काही नाही. वेटोळं थोडं सरकवलं. टक्. काही नाही. आणखी सरकवलं.

टक्. खुर्चीच्या हातावर ठेवलेला माझा अंगठा आपोआप उडाला.

हे जितकं साधं वाटतं तितकं नाही. मी हुकूम दिला नव्हता. माझा अंगठा दुसऱ्या कुणाचं तरी ऐकत होता. टक्, आणि तो पुन्हा उडाला, तर्जनीला घासून बाहेर, झटक्यानं.

आई उठून उभी राहिली. "आला," ती म्हणाली.

आमच्याकडे दारूचा पहिला थेंब पितरांचा असतो. पेल्यात बोट बुडवायचं आणि अंगठ्यानं जमिनीवर उडवायचं. प्रत्येकाची उडवायची तऱ्हा वेगळी. माझा बाप असाच उडवायचा, तर्जनीला घासून, बाहेरच्या बाजूला. मी तेही कधी करत नव्हतो, माझा धीरच निघत नसे.

आई खुर्चीपाशी आली. माझ्या तोंडाकडे तिनं पाहिलंच नाही. ती अंगठ्याकडे वाकली आणि त्याला म्हणाली, "जेवलास काय?"

डॉक्टरबाईंनी वेटोळं उचललं. खरं सांगायचं तर मीसुद्धा अंगठ्याकडे उत्तराच्या अपेक्षेनं बघत होतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझा तर पाठीवरून उतरून हातात येऊन बसला होता.

डॉक्टरबाई हुशार. त्यांनी आईला स्टूल दिलं, स्वतः टोपी घातली आणि वेटोळं आपल्या डोक्याला लावलं. टक्. त्यांचाही अंगठा उडाला. "बघा आजी, माझाही हलतो. कुणाचाही हलेल. ही फक्त मशीनची ताकद आहे."

आईनं विचार केला. मग अगदी सहानुभूतीनं विचारलं, "तुमचा पन बापूस गेला काय, बाई?"

डॉक्टरबाईंनी वेटोळं हळूच खाली ठेवलं. "हो आजी," त्या म्हणाल्या. "मागच्याच साली."

"मंग," आई म्हणाली आणि स्टुलावर बसली.

रोजची वारी

त्यानंतर आई एक दिवसही घरी राहायला तयार होईना. शनिवार-रविवार सोडून रोज आम्ही गव्हाणहून पनवेलला जायचो. मशीनला नावं ठेवणारी माझी आई आता माझ्या आधी चप्पल घालून दारात उभी. पिशवीत विड्यांचं बंडल. वैजयंतानं कपाळावर हात मारला. गेली होती सासूची समजूत काढायला, आणि सासू बसली मशीनची भक्त होऊन.

उपचार दिसायला कंटाळवाणा. टक् टक् टक् टक् असा टोले हाणल्यासारखा आवाज, मग थोडा थांबा, मग पुन्हा. पहिल्या आठवड्यात डोकं दुखायचं आणि डाव्या भुवईची शीर उडायची. आपणच आपल्याला डोळा मारतोय असं वाटायचं. मग सवय झाली. पण अंगठा हलत नसे, कारण उपचाराची जागा अंगठ्याच्या जागेच्या पुढे असते. आई स्टुलावर बसून माझ्या हाताकडे टक लावून बघायची.

"आज पन नाय हालला," ती परतीच्या वाटेवर म्हणायची.

एकदा मात्र डॉक्टरबाईंना माप पुन्हा तपासायचं होतं. त्या दिवशी अंगठा उडाला, आणि आई दिवसभर खुशीत होती. संध्याकाळी तिनं वैजयंताच्या केसांना तेल लावून दिलं. कित्येक महिन्यांत दोघींनी एकमेकींना हात लावला नव्हता. वैजयंता डोळे मिटून बसली होती आणि तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं. मी ओटीवर बसून ते पाहिलं आणि मला स्वतःची फार लाज वाटली.

ओढ कशी कमी झाली ते मला नीट सांगता येत नाही. कोणी तरी दिवा विझवावा तशी ती गेली नाही. आधी संध्याकाळ झाली की माझ्या छातीत एक जण येरझाऱ्या घालू लागायचा. हळूहळू त्याची पावलं लांबून ऐकू येऊ लागली. मग एक दिवस पळस्प्याच्या नाक्यावर एसटी थांबली, समोर बार होता, आणि मी त्या बारची पाटी पाटीसारखी वाचली. बस पुढे निघाली. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की आपण उतरलो नाही.

तोच आवाज पुन्हा

शेवटच्या आठवड्यांत डॉक्टरबाईंनी विचारलं, "ते रेकॉर्डिंग पुन्हा ऐकाल का? नको असेल तर राहू द्या."

मी ऐकलं. आई त्या दिवशी ताप आल्यामुळे घरी होती. पहिल्यांदा ऐकताना मी बापाला ऐकलं होतं. या खेपेला मला मी ऐकू आलो. जिभेला जडपणा, शब्द एकमेकांवर चढलेले, पनवेलच्या कुठल्याही गुत्त्यात बसतो तसला एक दारुडा. खोकलासुद्धा ओढून आणलेला. मला हायसं वाटलं आणि मी वैजयंताकडे बघून हसलो.

"थांबा," ती म्हणाली. "आता फक्त सासूबाईंचं ऐका."

तिनं पुन्हा लावलं. "जेवलास काय?" आणि या खेपेला माझ्या मानेवरचे केस ताठ झाले. तो आवाज म्हातारीचा नव्हता. दात पडलेल्या, दम लागणाऱ्या माझ्या आईचा तो आवाजच नव्हता. बारीक, लाडिक, थोडा रुसलेला, लग्नाला फार वर्षं न झालेल्या बाईचा आवाज होता तो. बाप माझ्या अंगात आला नव्हताच. पण आई खरोखरच कुठे तरी जात होती, आणि तिला तिकडे नेणारं वाहन मी होतो.

वैजयंताकडे अशी आणखीही रेकॉर्डिंगं होती. आम्ही सगळी ऐकली. प्रत्येकात आई एकच विचारत होती आणि प्रत्येकात मी एकच उत्तर देत होतो, भूक नाय. मी एकदाही जेवलो नव्हतो. मग ती पुन्हा ग्लास भरत होती.

थोडं कामाचं

ज्यांच्या घरी माझ्यासारखा कोणी आहे त्यांना एवढंच सांगतो. मशीन म्हणजे जादू नाही. मला गुण आला, माझ्या ओळखीच्या एकाला आला नाही, तो आता गोळ्यांवर आणि पिणं सोडलेल्यांच्या बैठकांवर बरा आहे. मी स्वतः मधल्या काळात एकदा घसरलो, कोन गावच्या एका लग्नात. डॉक्टरबाईंनी पुन्हा काही दिवस बोलावून घेतलं आणि मी गेलो. फौजी कॅन्टीनचं कार्ड, ज्यावर स्वस्तात बाटली मिळते ते, वैजयंताकडे दिलंय. घरात कोणाला तुमच्या दारूची गरज आहे का, हेही बघा. ऐकायला विचित्र वाटेल, पण असं माणूस असतं, आणि ते बहुतेक वेळा तुमच्यावर सगळ्यात जास्त माया करणारं असतं.

सर्वपित्री

माझे उपचार संपत आले आणि पितृपंधरवडा आला. सर्वपित्रीला आम्ही स्लॅबवर पान ठेवतो. केळीच्या पानावर भात, वडे, तांदळाची भाकरी, वाकट्यांचं कालवण आणि कडेला एक पेला. पेला बापासाठी. कावळ्यानं पानाला चोच लावली की मग घरातल्यांनी जेवायचं. कावळा शिवलाच नाही तर पेला थोरल्या मुलानं प्यायचा, म्हणजे तो पितराला पोचतो, असं आमच्या घरात आज्यापासून चालत आलंय.

कावळा येणार नव्हता. विमानतळासाठी पलीकडची टेकडी फोडत होते. रोज सुरुंगांचे धमाके व्हायचे, घराच्या काचा थरथरायच्या आणि तेव्हापासून गावात कावळेच राहिले नव्हते. दुपार कलायला लागली. भातावर साय धरल्यासारखा थर आला. आभाळात एक पाखरू नव्हतं. खाडीकडून वारा यायचा आणि पान जागच्या जागी हळू उचलल्यासारखं व्हायचं, जणू खालून कोणी फुंकर घालतंय. आई कठड्याला टेकून पानाकडे बघत होती. मी आणि वैजयंता जिन्याच्या तोंडाशी उभे होतो.

लांब सुरुंग उडाला. पेल्यातली दारू थरारली.

आईनं पेला उचलला आणि माझ्यासमोर आली. "कावला नाय येत. घे."

"आये, मना नको."

"एक घोट. मना एकच विचारायचाय."

"काय ते मना विचार."

"तुला नाय. त्याला."

पेला माझ्या ओठांच्या उंचीला होता. वास आला. ओढ वाटलीच नाही असं मी म्हणणार नाही. छातीतला तो येरझाऱ्या घालणारा लांबवर उभा राहिला आणि त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पण त्याची मला भीती नव्हती. मला आईच्या डोळ्यांची भीती वाटत होती. ती माझ्याकडे बघत होती आणि तिला मी दिसत नव्हतो. एवढा एक घोट घेतला असता तर मी पुन्हा कुठे गेलो असतो ते मला ठाऊक होतं, वैजयंतालाही ठाऊक होतं. तिनं जिन्याचा कठडा घट्ट धरला होता.

"आये, तो उपाशी गेला," मी म्हणालो.

"हाव. पन येकदा तरी जेवलो बोलंल." तिचा आवाज हळूहळू बारीक होत चालला होता, त्या रेकॉर्डिंगमधल्यासारखा. "येकदा बोलला का मंग मी नाय बोलावनार त्याला."

एवढी वर्षं ही बाई मला पाजत होती ती कोणी तरी जेवावं म्हणून. मी तिचा हात बाजूला केला, पुढे गेलो आणि पितरांच्या पानासमोर मांडी घालून बसलो.

"अहो, कावळा शिवला नाही अजून," वैजयंता मागून म्हणाली. आमच्याकडे ते पान माणसानं उष्टं करायचं नसतं. केलं तर काय होतं ते मला माहीत नाही, कारण कोणी केल्याचं ऐकिवात नाही. मी भाकरी मोडली, कालवणात बुडवली आणि खाल्ली.

कालवण गार झालं होतं. वाकट्या मला आवडत नाहीत. मी खात राहिलो. भाकरी संपवली, वडे खाल्ले, भाताचा वरचा थर फोडून भात खाल्ला. आई हातात पेला घेऊन माझ्या बाजूला उभी होती. तिची सावली पानावर पडली होती आणि ती हलत नव्हती. मी एकदाही वर पाहिलं नाही, कारण वर पाहिलं तर तिला कोण दिसेल याची मला खात्री नव्हती.

भात उरला, कालवण संपलं.

"आये," मी म्हणालो, "कालवन वाढ अजून."

मग तिनं हातातला पेला कठड्यावरून खाली ओतला, रिकामा पेला वैजयंताच्या हातात दिला आणि एकेक पायरी उतरत खाली गेली. टोप घेऊन वर आली तेव्हा तिला दम लागला होता. माझ्यासमोर वाकून तिनं पळीभर कालवण भातावर घातलं, मग आणखी एक पळी घातली.

"सावकास जेव, जना," ती तिच्या म्हाताऱ्या आवाजात म्हणाली. "काटं हायत."